भुतांनो, जेवायला चला!

'लवकर जेव, नाहीतर बागुलबुवा येईल हं!' हे वाक्य ज्या घरात कधीच उच्चारले गेले नाही, असे मराठी घर सापडणे कठीण. पिढ्यान्‌पिढ्या आपण मुलांना भुताच्या धाकाने जेवू घालत आलो. पालकाची भाजी संपवली नाही तर हडळ, दूध प्यायले नाही तर बुवा आणि दुपारी उन्हात गेले तर पिंपळावरचा मुंजा! मूल जेवते खरे, पण तोच मुंजा मग रात्री त्याच्या उशाशी येऊन बसतो. सात-आठ वर्षांचे झाले तरी बाथरूमपर्यंत एकट्याने जायचे म्हटले की, 'आई, तू चल ना!' सुरू होते.

मग एक दिवस हा डाव उलटवायला काय हरकत आहे? भूत मुलाला खाण्याऐवजी मुलालाच भूत खाऊ द्या! बटाट्याचे भूत, भोपळ्याचा राक्षस, हडळीची कुरकुरीत बोटे आणि वर जादूचे सरबत. ज्या भुताचे डोळे आपण स्वतःच्या हाताने लावले आणि ज्याचे डोके आपणच चमच्याने खाल्ले, त्याची भीती ती काय वाटणार? त्यातून पालक, बीट, लाल भोपळा अशी एरवी ताटाच्या कडेला सारली जाणारी मंडळीही मुकाट्याने पोटात जातात, हा आईचा फायदा!

जगभरच्या भुतांचा पाहुणचार

हल्ली शहरांतल्या सोसायट्यांमध्ये 31 ऑक्टोबरला 'हॅलोविन' साजरे होऊ लागले आहे. आजी-आजोबांना तो परदेशी थिल्लरपणा वाटतो. पण भुताखेतांच्या निमित्ताने खास पदार्थ करण्याची रीत एकट्या अमेरिकेची नाही.

ख्रिस्ती परंपरेत 1 नोव्हेंबर हा सर्व संतांचा आणि 2 नोव्हेंबर हा सर्व मृतात्म्यांचा दिवस. संतांच्या दिवसाची आदली संध्याकाळ म्हणजे हॅलोविन. त्याचा संबंध आयर्लंडमधल्या 'सॉवेन' या जुन्या सणाशी जोडला जातो. सुगी संपून थंडीचे काळोखे दिवस सुरू होण्याचा हा काळ. आयरिश लोक तेव्हा सलगम कोरून त्यात दिवा ठेवत. एकोणिसाव्या शतकात ते मोठ्या संख्येने अमेरिकेत गेले, तिथे त्यांना मोठाले भोपळे सहज मिळाले आणि सलगमाचा कंदील भोपळ्याचा झाला. आयर्लंडमध्ये या दिवशी बेदाणे घातलेला 'बार्मब्रॅक' नावाचा पाव करतात. त्यात अंगठी लपवलेली असते. ती ज्याच्या तुकड्यात निघेल त्याचे लग्न लवकर ठरणार, असा गमतीचा समज! इटलीत या दिवसांत चक्क 'मृतांची हाडे' या नावाची बिस्किटे मिळतात. मेक्सिकोत 1 आणि 2 नोव्हेंबरला घरातल्या गेलेल्या माणसांच्या आठवणीत साखरेच्या कवट्या मांडतात आणि वर हाडांची नक्षी असलेला गोड पाव करतात. तिथे हा दिवस रडण्याचा नसून फुलांचा, गाण्यांचा आणि खाण्याचा असतो.

आणि आपल्याकडे? बंगालमध्ये कालीपूजेच्या आदल्या दिवशी 'भूत चतुर्दशी' असते. त्या दिवशी चौदा दिवे लावतात आणि चौदा प्रकारच्या पालेभाज्या एकत्र करून खातात. गोव्यात नरक चतुर्दशीच्या पहाटे नरकासुराचे अक्राळविक्राळ पुतळे जाळतात आणि मग घरोघरी तऱ्हेतऱ्हेचे पोहे खातात. आपण पायाच्या अंगठ्याने कारीट फोडतो, तेही नरकासुराला चिरडण्यासाठीच. म्हणजे राक्षसाचा नाश करायचा आणि लगेच फराळाला बसायचे, हे आपल्याला नवीन नाही!

भुतांच्या बाबतीत तर मराठी माणूस भलताच श्रीमंत आहे. मुंजा, हडळ, खवीस, समंध, वेताळ, पाण्यात राहणारा गिऱ्हा... मग परदेशी ड्रॅक्युला कशाला उसना आणायचा? आपल्याच मंडळींना बोलावू या.

आमंत्रणाआधी थोडा विचार

बेत कितीही गमतीचा असला तरी काही गोष्टी आधी ठरवून घ्या. पहिली गोष्ट मुलांच्या वयाची. तीन-चार वर्षांच्या मुलांना खरे आणि खोटे यातली रेषा नीट कळत नाही. त्यांच्यासाठी हसरी भुतेच करा. अचानक दिवे घालवणे, मागून येऊन 'भॉक्' करणे टाळा. मूल रडू लागले तर 'एवढा मोठा झालास आणि घाबरतोस?' असे चारचौघांत म्हणू नका. त्याला स्वयंपाकघरात घेऊन जा आणि सांगा, 'हे बघ, हे भूत आपण बटाट्याचे केले, आता याला नाक तू लाव.'

दुसरी गोष्ट घरातल्या वडीलधाऱ्यांची. पितृपक्षात किंवा नुकतेच कुणी गेले असेल अशा घरात हा बेत नको. आजीला 'भूत' हा शब्दच अशुभ वाटत असेल तर तिच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही. तिला मोठेपणा देऊन जेवणानंतरची गोष्ट सांगण्याचे काम तिच्याकडे सोपवा. विक्रम आणि वेताळाच्या गोष्टी तिच्याइतक्या रंगवून कोण सांगणार? नाव हवे तर 'राक्षसाची पंगत' ठेवा.

तिसरी गोष्ट अधिक गंभीर. चेटकीण हवी ती रंगभूमीवरची, रत्नाकर मतकरींच्या 'अलबत्या गलबत्या'तली, जिला पाहून मुले घाबरता घाबरता हसू लागतात. पण शेजारच्या एकट्या राहणाऱ्या आजींना किंवा रस्त्यावरच्या एखाद्या बाईला 'चेटकीण' म्हणून चिडवणे हा खेळ नव्हे. अशा आळापायी आपल्या देशात बायकांनी मार खाल्ला आहे, जीवही गमावले आहेत. महाराष्ट्रात 2013 साली जादूटोणाविरोधी कायदा झाला तो अशा प्रकारांना आळा घालण्यासाठीच. भुते ताटात ठेवायची, माणसांवर चिकटवायची नाहीत, हे मुलांना या निमित्ताने जरूर सांगा.

आता बेताकडे वळू या. पुढील प्रमाण आठ मुले आणि दोन मोठ्यांसाठी आहे.

गिऱ्ह्याचे सार

साहित्य : पालकाच्या 2 जुड्या, 1 उकडलेला बटाटा, 3-4 लसूण पाकळ्या, 1 मोठा चमचा लोणी, अर्धी वाटी दही, मीठ, मिरपूड.

कृती : पालक निवडून, धुऊन उकळत्या पाण्यात दोन मिनिटे ठेवा आणि लगेच थंड पाण्यात काढा. त्यामुळे रंग हिरवागार राहतो. पालक आणि बटाटा मिक्सरमधून एकजीव वाटा. लोण्यावर ठेचलेला लसूण परतून त्यात हे वाटण आणि बेताचे पाणी घाला. मीठ, मिरपूड घालून एक उकळी आणा. वाट्यांमध्ये ओतल्यावर त्यावर कोळ्याचे जाळे काढायचे. दही घुसळून थोडे पातळ करा आणि चमच्याने साराच्या मध्यापासून गोल गोल वर्तुळे काढा. मग टूथपिक मध्यावर टेकवून कडेपर्यंत सात-आठ रेघा ओढा. जाळे तयार! सार फार पातळ असेल तर जाळे बुडते, म्हणून ते दाटसरच ठेवा.

काळोखाचे सांबार आणि भुताचे कपडे

कोकणातले काळ्या वाटाण्याचे सांबार मुळातच काळेभोर असते आणि घावन पांढरे, जाळीदार. भुताच्या जेवणाला यापेक्षा चांगली जोडी शोधून सापडणार नाही.

साहित्य : 2 वाट्या काळे वाटाणे, 2 मोठे कांदे, 1 वाटी खोवलेले खोबरे, 5-6 लसूण पाकळ्या, 2 चमचे मालवणी मसाला, 3-4 आमसुले, तेल, मीठ. घावनांसाठी 4 वाट्या तांदूळ, मीठ आणि थोडे काळे तीळ.

कृती : वाटाणे आदल्या रात्री भरपूर पाण्यात भिजत घाला. हे वाटाणे टणक असतात, तेव्हा घाई करू नका. सकाळी कुकरमध्ये मऊ शिजवून घ्या. उभा चिरलेला दीड कांदा, लसूण आणि खोबरे तेलावर चांगले खरपूस भाजून बारीक वाटा. उरलेला कांदा फोडणीत परतून मसाला, वाटाणे आणि वाटण घाला. मीठ, आमसुले घालून दहा मिनिटे उकळा. मुलांसाठी मसाला निम्माच ठेवा. मोठ्यांना वरून तिखट तेलाची फोडणी देता येईल.

तांदूळ चार-पाच तास भिजवून बारीक वाटा आणि मीठ घालून ताकाइतके पातळ करा. पीठ तळाशी बसते, म्हणून प्रत्येक वेळी ढवळून घ्या. तापलेल्या बिडाच्या तव्यावर तेलाचा हात फिरवून, कडेकडून आत असे पीठ ओता. झाकण ठेवून वाफ आणा. वाढताना ताटात एक छोटी वाटी पालथी ठेवा आणि त्यावर घावन पसरा. पांढरी चादर पांघरलेले भूत बसल्यासारखे दिसते. काळ्या तिळांचे दोन डोळे चिकटवा. भुताची चादर तोडून सांबारात बुडवायची आणि खायची!

बटाट्याची भुते

साहित्य : 6 मध्यम बटाटे, 1 मोठा चमचा लोणी, 2 चमचे दूध, मीठ, मिरपूड, काळे तीळ. चटणीसाठी 4 टोमॅटो, 1 लहान बीट, 2 लसूण पाकळ्या, थोडा गूळ, मीठ.

कृती : बटाटे उकडून गरम असतानाच किसा किंवा पुरणयंत्रातून काढा. गुठळी राहू देऊ नका. लोणी, दूध, मीठ, मिरपूड घालून मळा. या मिश्रणाचे बोटभर उंचीचे, वर निमुळते होत जाणारे गोळे करा. शेंडा जरासा वाकवला की भूत मान तिरकी करून बघते आहे असे वाटते. तव्यावर थोड्या लोण्यात फक्त तळाची बाजू खरपूस करून घ्या. टोमॅटो, बीट आणि लसूण उकडून वाटा, गाळा, गूळ-मीठ घालून आटवा. या लालभडक चटणीचे थारोळे बशीत पसरून त्यात भुते उभी करा. डोळे लावण्याचे काम मुलांकडेच द्या.

भोपळ्याचा राक्षस आणि त्याचे घारगे

दोन-अडीच किलोचा गोल लाल भोपळा आणा. देठाकडचा भाग झाकणासारखा कापा. बिया काढा आणि आतला गर मोठ्या चमच्याने खरवडत जा. भिंत दोन सेंटिमीटरभर जाड राहू द्या. मग डोळे, नाक आणि वाकडेतिकडे दात कोरा. आपला भोपळा घट्ट असतो, सुरी सटकते. म्हणून कोरण्याचे काम मोठ्यांनीच करावे. चेहरा पेनाने काढून देण्याचे मुलांनी. बिया धुऊन, वाळवून मिठाबरोबर भाजल्या की तोंडात टाकायला उत्तम. आणि गर? त्याचेच घारगे!

साहित्य : 2 वाट्या भोपळ्याचा कीस किंवा बारीक केलेला गर, 1 वाटी चिरलेला गूळ, मावेल तेवढी कणीक (साधारण अडीच ते तीन वाट्या), 2 चमचे तांदळाची पिठी, 2 चमचे कडकडीत तेलाचे मोहन, जायफळ, चिमूटभर मीठ, तळणीसाठी तेल.

कृती : चमचाभर तुपावर भोपळा वाफवून घ्या. गूळ घालून विरघळू द्या आणि मिश्रण निवू द्या. त्यात मोहन, मीठ, जायफळ, पिठी आणि मावेल तेवढी कणीक घालून घट्ट मळा. पाणी अजिबात नको. तासाभराने लहान लहान जाडसर पुऱ्या थापा. बाटलीच्या झाकणाने डोळे आणि सुरीच्या टोकाने तोंड कापून मंद आचेवर तळा. भोके पाडल्यामुळे हे घारगे फुगत नाहीत, पण राक्षसाचा चेहरा मात्र झकास उठतो. फुगलेलेच हवे असतील तर काही तसेच तळा, त्यांना 'लठ्ठ राक्षस' म्हणा!

हडळीची बोटे

साहित्य : 2 वाट्या मैदा (हवे तर निम्मी कणीक), 100 ग्रॅम लोणी, पाऊण वाटी पिठीसाखर, 2-3 चमचे दूध, 15 बदाम, थोडा लाल जॅम.

कृती : लोणी आणि साखर फेसून मैदा मिसळा. लागेल तसे दूध घालून गोळा करा आणि अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा. बदाम गरम पाण्यात भिजवून, सोलून दोन-दोन भाग करा. पिठाची पेन्सिलीएवढी बारीक बोटे वळा. भाजताना ती फुगतात, म्हणून आधीच जाड वळलीत तर हडळीऐवजी पैलवानाची बोटे होतील. टोकाला बदामाचे नख दाबून बसवा, मध्ये सुरीच्या पाठीने पेरांच्या रेघा ओढा. ओव्हनमध्ये 170 अंशांवर अठरा-वीस मिनिटे भाजा. ओव्हन नसेल तर कुकरमध्ये मीठ पसरून, रिंग आणि शिटी काढून, आधी दहा मिनिटे तापवा. मग आत ताटली ठेवून मंद आचेवर सुमारे पंचवीस मिनिटे भाजा. निवल्यावर नखाच्या कडेने जॅमचा ठिपका लावा.

वेताळाचे डोळे

दहा रसगुल्ले पाक हलकेच दाबून काढून घ्या. मध्यभागी छोटा खळगा करून त्यात जॅमचा थेंब आणि वर एक काळी मनुका बसवा. टूथपिकचे टोक गुलाबाच्या सरबतात बुडवून रसगुल्ल्यावर लाल शिरा ओढा. बशीतून दहा डोळे आपल्याकडे रोखून पाहताहेत, हे दृश्य पाहून पाहुणे किंचाळतील आणि मग दोन-दोन मागतील!

जादूचे सरबत

गोकर्णाची निळी फुले कुंपणावर किंवा कुंडीत सहज फुलतात. कीटकनाशक न मारलेली 20-25 फुले घ्या, हिरवे देठ काढून टाका आणि धुऊन लिटरभर गरम पाण्यात दहा मिनिटे ठेवा. गाळून, चवीपुरती साखर घालून गार करा. निळेशार पाणी पेल्यांत ओता आणि प्रत्येकाच्या हाती लिंबाची फोड द्या. मंत्र म्हणत लिंबू पिळले की निळ्याचे जांभळे होते! हे चेटूक नव्हे. फुलातले रंगद्रव्य आंबट पदार्थाशी भेटले की रंग बदलते. हळदीत चुना मिसळला की कुंकवाचा लाल रंग येतो, तसाच हा प्रकार. 'बुवा' लोक अशाच युक्त्यांना चमत्कार म्हणून खपवतात, हेही सांगून टाका. मुले ही गोष्ट विसरणार नाहीत.

हे मात्र टाळा

गडद लाल, हिरव्या, काळ्या रंगांचा मोह या बेतात फार होतो. सुटे, बिनलेबलचे रंग मुळीच वापरू नका. कापूसमिठाईत 'रोडामाइन-बी' हा कापड रंगवण्याचा रंग सापडल्यावर 2024 साली तमिळनाडू आणि कर्नाटक सरकारांना बंदी घालावी लागली होती. बीट, पालक, आमसूल, गोकर्ण असताना बाजारच्या रंगाची गरज नाही. काळ्या रंगासाठी कोळशाची भुकटी घालण्याची फॅशन आली आहे, तीही नको. हा कोळसा पोटात औषधे शोषून घेतो आणि त्यांचा गुण कमी करतो.

पेल्यातून धूर काढण्यासाठी 'ड्राय आइस' आणू नका. तो उणे 78 अंश सेल्सियस इतका थंड असतो. तोंडात गेला तर भाजल्यासारखी इजा होते. मार्च 2024 मध्ये गुरुग्रामच्या एका उपाहारगृहात मुखशुद्धी म्हणून तो खाल्ल्याने काही जणांना रुग्णालयात न्यावे लागले होते.

भोपळ्यात मेणबत्तीऐवजी बॅटरीवरचा दिवा ठेवा. मुलांनी चादरी आणि ओढण्या पांघरलेल्या असतात, तिथे उघडी ज्योत नको. पाच वर्षांच्या आतल्या मुलांना अख्खी द्राक्षे, अख्खे बदाम देऊ नका. त्यांचे रसगुल्लेही चार फोडी करून द्या. कुणाला बदाम, शेंगदाणे, तीळ चालत नाहीत का, हे पाहुण्या मुलांच्या आयांना आधी विचारून घ्या.

कामाची वाटणी

एवढे पदार्थ एका हाताने करायला गेलात तर जेवणाच्या वेळी सर्वांत भयंकर चेहरा यजमानीणबाईंचाच दिसेल! म्हणून आदल्या दिवशी बोटे भाजून डब्यात भरा, भोपळ्याचा गर काढून ठेवा, वाटाणे भिजवा. सकाळी सांबार, घारगे आणि टोमॅटोची चटणी उरका, तांदूळ भिजवा. संध्याकाळी फक्त सार गरम करणे आणि घावने. भोपळा कोरणे बाबांचे, भुतांना डोळे लावणे मुलांचे. वेळ नसेल तर सार, घावन-सांबार आणि बोटे एवढेही पुरे.

पंगत बसवताना दिवे मंद करा, पण पूर्ण घालवू नका. भिंतीजवळ टॉर्च ठेवून हातांच्या सावल्यांचे राक्षस नाचवा. जेवणानंतर आजीची गोष्ट. गोष्ट संपली की सगळे दिवे लावा आणि पसारा मुलांच्या मदतीनेच आवरा. भोपळ्याच्या पोटातला दिवा, चादर, टॉर्च, सारे त्यांच्या हाताने जागेवर जाऊ द्या. भूत कशाचे बनलेले होते ते त्यांना दिसले पाहिजे.

यानंतर एखादी वेळ येईल, मूल जेवायला कुरकुर करील आणि सवयीने तुमच्या तोंडून 'बागुलबुवा येईल हं!' निघून जाईल. तेव्हा 'येऊ दे की, त्याला टोमॅटोच्या चटणीबरोबर खाऊ' असे उत्तर मिळाले, तर समजा, बेत फत्ते झाला!